कोणतं पान टाकू?

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — तेही नीट कळत नाही.

भगवान आणि मी एकाच गावचे, धुळ्याकडचे. सुरतेला, उधन्यात एकाच कापड कारखान्यात लूम चालवायचो आणि पाळी सुटली की शेजारी बसून मोबाइलवर पत्ते खेळायचो. पैसे लावून. त्याचं घर आधी बुडालं. सुनंदा वहिनी पोरीला घेऊन माहेरी गेल्या, तेव्हा त्याने मोबाइल विकून टाकला आणि — हसू नका — तापीकाठची माती आणून बैल करायला बसला. मग घोडे, मग माणसं. "हात रिकामे राहिले की भलतीकडे जातात रे," म्हणायचा. त्याचं ते बसणं बघूनच वहिनी परत आल्या.

मला आनंद व्हायला हवा होता ना? नाही झाला. मी एकटा पडलो होतो. वहिनी म्हणायच्या, "भाऊजी, तुम्ही पण बसा की यांच्यासोबत." बसलो एकदा. माझा बैल उभाच राहीना. भगवान हसला — वाईट मनाने नाही. पण ते मला लागलं.

एका रविवारी दुपारी वहिनी पोरीला घेऊन बाजारात गेल्या होत्या. भगवान कोपरापर्यंत मातीत. मी शेजारी बसलो, गेम उघडला आणि मोबाइल त्याच्या डोळ्यांसमोर धरला.

"नको भो," तो म्हणाला. "हात बघ माझे."

"तू हात नको लावू. कोणतं पान टाकू, तेवढं सांग."

त्याने मान फिरवली, पण नजर पडद्यावरच. मी मुद्दाम चुकीच्या पानावर बोट नेलं. हो, मुद्दाम.

"अरे, ते नको! चौकट टाक!"

तो डाव आम्ही जिंकलो. हरलो असतो तर वाचला असता का? नाही — मी पुन्हा समोर धरला असता. त्याने हात लुंगीला पुसले आणि मोबाइल स्वतःकडे घेतला. पुढे काय होणार, ते मला तेव्हाच ठाऊक होतं. मी परत मागितला नाही.

आधी मंगळसूत्र गेलं. मग खोली गेली. एक दिवस भगवान पाळीला म्हणून निघाला, तो घरी आलाच नाही. अजून नाही.

वहिनी आता शहराच्या दुसऱ्या टोकाला, कोसाडला राहतात, घरी बसून साड्यांना खडे लावतात. तेव्हा त्यांनी मला विचारलं होतं, "यांना पुन्हा कुणी नादी लावलं?" मी म्हटलं, कारखान्यातलं कुणीतरी असेल.

माझा खेळ नंतर आपोआप सुटला. शेजारी कुणी नसताना मन लागेना — एवढंच.

कुठे बेवारस माणूस सापडला की वहिनी मलाच बोलावतात. त्या शवागाराबाहेर थांबतात. मी आत जाऊन चेहरा बघतो, येऊन नाही म्हणतो. मागच्या वेळी परतताना रिक्षात त्या म्हणाल्या, "भाऊजी, यांचं चांगलं बघणारे तुम्ही एकटेच होतात."

मी "हो" म्हणालो.