नावाशिवाय ओळखणाऱ्या प्रमिलाताई

लग्न होऊन पहिल्यांदा सुरत स्टेशनावर उतरले, त्याच सकाळी माझा नवरा हरवला आणि मी त्याचं नाव सांगायला साफ नकार दिला. नातवंडांना मी आजवर या गोष्टीचा अर्धाच भाग सांगितलाय, कारण पूर्ण सांगितली तर त्यांच्यापुढं माझी उरलीसुरली पत जाईल. पण आता लपवून कुणासाठी ठेवू? हे पाणी आणायला गेले ते गर्दीत दिसेनासे झाले. मी ट्रंकेवर बसून रडले आणि मग चौकशीच्या खिडकीशी गेले. आतला माणूस म्हणाला, “बेन, नाम बोलो, अभी पुकारता हूँ.” आता नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं हे मला आईनं शिकवलेलं, नवरा हरवला तर काय करायचं, ते शिकवायचं राहून गेलेलं. मी मान खाली घालून उभी. तो पुन्हा विचारतोय, मी पुन्हा पदर चावतेय. मागच्या रांगेतले लोक वैतागले. तेवढ्यात रांगेतली एक चष्मेवाली बाई पुढं आली आणि मराठीत म्हणाली, “नाव नको सांगूस. दिसतो कसा, करतो काय, ते सांग.” मग मला कंठ फुटला. हिरवा मफलर गुंडाळलेला, विझवलेली बिडी कानावर ठेवलेला, गाडी सुटल्यासारखा चालणारा... ती बाई मला हाताला धरून पलीकडच्या टोकाला घेऊन गेली, तर तिथं हे उभे. दुसऱ्या एका रेल्वेवाल्यापुढं मान खाली घालून. तो बायकोचं नाव विचारत होता आणि हे “आमच्या घरातली माणसं, घरातली माणसं” करत होते. मला बघून म्हणाले, “कोठे गयथी व तू?” जणू पाणी आणायला मीच गेले होते.

ती चष्मेवाली बाई म्हणजे प्रमिलाताई. त्यांचे यजमान रेल्वेत, त्या स्वतः मराठी शाळेत शिक्षिका. पुढं आम्ही सुरतेतच नवागामला खोली घेतली तर दोन घरं सोडून त्याच राहत होत्या. त्या प्रमिलाताई गेल्या महिन्यात गेल्या. सकाळी चहा घेतला, कप खाली ठेवला आणि भिंतीला टेकल्या, त्या टेकल्याच... कुणाला त्रास नाही, धावपळ नाही. शिक्षकी पेशातली माणसं तास संपल्यावर वर्गात रेंगाळत नाहीत, तसं काहीसं.

त्या निवृत्त झाल्या तेव्हा आमच्या गल्लीतली पोरं इंग्रजी शाळेत जायला लागली होती आणि आम्ही आया-आज्या आपल्याच घरात परक्या होत चाललो होतो. शाळेतून चिठ्ठी यायची, पोरं वाचून सांगायची, आणि त्यात तक्रार असेल तर अर्थातच वेगळंच वाचायची. प्रमिलाताई म्हणाल्या, दुपारी माझ्या ओट्यावर या. आम्ही म्हटलं, दुपारी काम असतं. बाजारातून साड्यांचे गठ्ठे घरी येत, त्यांच्या मागच्या बाजूला लोंबणारे धागे कापून द्यायचे, हेच आम्हा सगळ्यांचं काम. “कामासकट या,” त्या म्हणाल्या. “कात्री चालू द्या, कान माझ्याकडं द्या.” असा आमचा वर्ग भरला. ना फळा, ना पुस्तक. मांडीवर साड्या आणि समोर जाणारी-येणारी गल्ली.

त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, “आपण काय म्हणतो? धागे कापणारी बाई. आधी काम, मग बाई. इंग्रजी उलटी आहे. ती आधी बाईला पुढं बसवते आणि मग तिचं काम तिच्यामागं शेपटीसारखं लावते. द वुमन कटिंग थ्रेड्स.” आम्ही सगळ्या एकदम कात्र्या थांबवून स्वतःकडं बघायला लागलो. आजवर आमच्या आधी कायम कामच आलेलं. मग त्यांनी दुसरी शेपूट दाखवली. जे स्वतः करतंय त्याला ‘इंग’, ज्याच्यावर करून झालंय त्याला ‘एड’. द वुमन फोल्डिंग द सारी, घडी घालणारी बाई. द सारी फोल्डेड यस्टरडे, काल घडी घातलेली साडी. एवढ्या दोन शेपट्यांवर त्यांनी आमचा पहिला पावसाळा काढला. गल्लीतून जो जाईल त्याला शेपूट लावायची. द मॅन सेलिंग ओनियन्स. द डॉग स्लीपिंग अंडर द टेम्पो. द डोअर पेंटेड ब्लू. पत्ता न लागता आम्ही बोलायला लागलो.

आता माझी हुशारी ऐका. आमचा शेजारी सारखा गुटखा चघळायचा. एकदा तो गायीला चारा घालत होता, तेव्हा मी छाती पुढं काढून म्हटलं, “आय सॉ अवर नेबर्स काऊ, चूइंग गुटखा.” माझ्याशेजारी बसणारी रेखा इतकी हसली की तिनं धाग्याबरोबर साडीचा काठ कापला. प्रमिलाताई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, “वत्सला, शेपूट ज्याची त्याच्याजवळ लाव. नाहीतर गाय बिचारी फुकट बदनाम होते.” मी पुढं आठ दिवस त्या गायीपुढून जाताना नजर चुकवत होते.

एकदा त्यांनी प्रत्येकीला आपल्या नवऱ्याचं वर्णन करायला लावलं, नाव न घेता. नाव न घेण्यात तर आम्ही तरबेज. रेखा म्हणाली, “द मॅन स्लीपिंग.” पुढं काय, विचारलं तर म्हणे, पुढं काही नाही, उठला की सांगते. मी म्हटलं, “द मॅन वेटिंग फॉर टी.” मग आम्ही प्रमिलाताईंनाच म्हटलं, तुमचं सांगा. त्यांचे यजमान जाऊन तेव्हा बराच काळ झाला होता. त्या म्हणाल्या, “द मॅन हमिंग इन फ्रंट ऑफ द मिरर.” दाढी करताना ते गुणगुणायचे. आणि मी, मठ्ठ बाई, काय विचारावं? “ताई, पण ते आता नाहीत ना. मग ‘इंग’ चालतं?” प्रमिलाताईंनी माझ्या मांडीवरची साडी सारखी केली आणि म्हणाल्या, “चालतं. त्या शेपटीला काळ नसतो.”

आमचा तो वर्ग हळूहळू पातळ झाला. कुणी सुनेच्या बाळंतपणात अडकली, कुणी पलसाण्याकडं राहायला गेली. आमचे हे गेल्यावर मीही घरात गुंतले. पण दुपारची भाकरी मी ताटात झाकून त्यांच्याकडंच घेऊन जायची. आणि मग ताईंच्या डोक्यातून नावं जायला लागली. आधी भाज्यांची, मग गल्लीतल्या माणसांची, मग माझं. त्या माझ्याकडं बघायच्या, ओठ हलवायच्या, “ती... ती, झाकून आणणारी...” म्हणायच्या, आणि मी त्यांचं वाक्य अर्ध्यात तोडायची. “ताई, नाव सांगा. माझं नाव काय? व-त्स-ला.” रोज. पाढे घोटून घ्यावेत तशी. त्या कंटाळून भिंतीकडं तोंड करायच्या. ज्या बाईनं स्टेशनावर मला नाव विचारलं नव्हतं, तिला मी रोज नाव विचारत होते. अक्कल वयाबरोबर येते असं म्हणतात. माझी बहुतेक मागच्या गाडीनं निघाली असावी.

त्यांचा मुलगा मिलिंद पुण्याला असतो. चांगला पोरगा. एक दिवस तो आला आणि आल्या आल्या आईची बॅग भरायला घेतली. मी म्हटलं, “अरे, कुठं?” म्हणाला, “पुण्याला. मावशी, परवा तिनं गॅस चालू ठेवला. तुम्ही सगळ्या तिचं करता, मला माहीत आहे. पण ती कुणाला ओळखतच नसेल, तर तिला हे घर काय अन् माझं घर काय?” मी म्हटलं, “ओळखतात त्या. सगळ्यांना.” म्हणाला, “मावशी, मलाही नावानं हाक मारत नाही ती.” त्याचा आवाज फाटला, म्हणून मला भांडताही येईना. त्याचं चुकत नव्हतं. पण ताई याच खोलीत चाळीसेक वर्षं राहिलेल्या. त्यांना अंधारात स्विच सापडायचा, नळाचं पाणी आलं की कुणी न सांगता उठायच्या. त्याच्या पुण्यातल्या दहाव्या मजल्यावरच्या घरात त्यांना कोण, काय सापडणार होतं? मी म्हटलं, “आत्ता विचार. ओळखलं तर बॅग सोडायची. गॅसचं मी बघते, सिलिंडरच माझ्याकडं नेते. चहा रेखा देईल, दोन वेळचं मी.” तो म्हणाला, “ठीक आहे.”

तो आईसमोर उकिडवा बसला. “आई, मी कोण?” ताई त्याच्याकडं बघत राहिल्या. मला राहवेना. मी त्याच्या मागं जाऊन उभी राहिले आणि आवाज न करता ओठांनी सांगायला लागले, मि-लिं-द. मग हातांनी. मग दोन्हींनी. सत्तरी ओलांडलेली बाई परीक्षेत कॉपी पुरवत होती. “आई, सांग ना, मी कोण?” ताईंची नजर त्याच्या खांद्यावरून वर आली, माझ्यावर थांबली, आणि किती तरी महिन्यांनी त्यांचा तो वर्गातला चेहरा मला दिसला. पाठ ताठ झाली. आवाज खणखणीत. “द वुमन प्रॉम्प्टिंग फ्रॉम बिहाइंड... सेंड हर आउट.” मिलिंदनं मागं वळून पाहिलं तेव्हा माझे हात अजून हवेत होते. ताईंचं संपलं नव्हतं. त्यांनी त्याच्याकडं बोट केलं. “अँड द बॉय आस्किंग मी हिज ओन नेम... सिट डाउन, बाळा. पाय दुखतील.”

मी मुकाट बाहेर जाऊन ओट्यावर बसले. शिक्षा ती शिक्षा. आतून मिलिंदचा आवाज आला, पण हसणं की रडणं, ते भिंतीआडून कळेना. मग बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला, आणि कपाटाचं दार करकरलं, आणि एकेक साडी परत फळीवर गेल्याचं मला नुसत्या सळसळीवरून कळलं. साड्यांचे आवाज मला नाही कळणार तर कुणाला? मी पदरानं तोंड पुसून, काहीच ऐकलं नाही असा चेहरा करून बसले. मिलिंद दारात आला. डोळे लाल, पण हसत होता. म्हणाला, “मावशी, आई म्हणते, बाहेर काढलेल्या त्या बाईला आता आत घे. पण मागं नको, पुढं बसव. मला ती दिसायला हवी.”