नजरेपुढची जागा

बाबा जाऊन चार दिवस झाले होते. स्टुडिओवाल्याने त्यांचा फोटो संगणकावर उघडला आणि डावीकडची सगळी मोकळी जागा कापून टाकली. "हाराच्या फोटोत माणूस मधोमध लागतो," तो म्हणाला.

ती जागा मी मुद्दाम सोडली होती. फोटोग्राफीच्या वर्गात शिकवलं होतं, की माणसाला एका बाजूला घ्यावं आणि तो जिकडे बघतोय तिकडे जागा ठेवावी. म्हणजे वाटतं, याच्यापुढे अजून बरंच काही आहे. बाबा गच्चीवर अवघडून उभे होते. "कुठे बघू रे?" "माझ्याकडे नको, तिकडे लांब बघा." त्यांनी मुकाट्याने ऐकलं. आपण काढतो त्यातला कुठला फोटो हाराचा होणार, हे तेव्हा कुणाला माहीत असतं?

आता ते भिंतीवर मधोमध आहेत आणि त्यांची नजर चौकटीच्या लाकडावर जाऊन आपटते. आई रोज उदबत्ती लावते आणि मग दोन पावलं डावीकडे सरकून उभी राहते. काल म्हणाली, "कुठेही उभी राहिले तरी माझ्याकडे बघत नाहीत रे."

तसं मीच त्यांना सांगितलं होतं, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.