रुमालाखालचा सौदा

वहिनींचा फोन आला तेव्हा मी नागपुरात कळमन्याच्या बाजारात संत्र्यांच्या ढिगासमोर उभा होतो आणि समोरचा माणूस भाव सोडायला तयार नव्हता. "भाऊजी, यांच्या जिभेच्या मुळाशी कॅन्सर निघाला," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "पाच मिनिटांत करतो फोन." मग मी तो सौदा पक्का केला, माल गाडीत चढवताना पाहिला, चहा प्यायलो आणि त्यानंतर फोन केला. मधल्या वेळात मला काही वाटलं नाही. आजही ती सकाळ आठवायला गेलो तर त्या ढिगाचा भाव आठवतो.

ज्याला कॅन्सर निघाला तो माझा मित्र. त्याला मित्र म्हणायचं की नाही, हे मी बरीच वर्षं ठरवलं नव्हतं.

आम्ही दोघं हमाली करत वर आलो. आधी पाठीवर पेट्या वाहिल्या, मग फळांची प्रतवारी शिकलो, मग शेतकऱ्यांचा माल विकून द्यायला दोघांत मिळून एक गाळा घेतला. त्या काळी भाव तोंडाने बोलत नसत. विकणारा आणि घेणारा एका रुमालाखाली हात घालत आणि बोटं धरून भाव सांगत. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, पूर्ण पंजा म्हणजे पाच. शेकडा की हजार, तेवढं तोंडाने. भोवती कितीही गर्दी असली तरी कोणाला पत्ता लागत नसे. हात रुमालातून काढून घेतला की बोलणी मोडली. आता लिलाव उघड्यावर, मोठ्या आवाजात होतो आणि ते बरंच आहे. पण आमची अक्कल त्या रुमालाखालीच वाढली. बोटं किती धरली यापेक्षा ती कशी धरली हे तिथे कळत असे. घाबरलेल्याचा हात ओला असतो. अडलेला माणूस उगाच जोरात धरतो. ज्याला घेणंच नाही, त्याची बोटं मेल्यासारखी पडून असतात.

एका हंगामात, सकाळी मी गाळ्यावर पोचलो तर तो समोरच्या बाजूला एका मोठ्या खरेदीदाराशेजारी उभा होता. मला वाटलं, गप्पा मारतो आहे. तो तिथेच राहिला. आमच्यात भांडण झालेलं नव्हतं, हिशेब चोख होता. का गेला, ते त्याने सांगितलं नाही. थोड्या वेळाने तो त्या खरेदीदाराच्या वतीने माझ्यासमोर आला आणि माझ्या रुमालात हात घातला. माझा हात कुठे ढिला पडतो हे त्याच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं. त्या हंगामात मी ज्या भावात माल सोडला, तो आठवला की अजून डोकं तापतं.

त्यानंतर आम्ही लग्नकार्यात भेटत होतो, बोलत होतो. त्या एका गोष्टीवर मात्र नाही.

वहिनींना गाडी हवी होती. ते राहायचे शहराच्या टोकाला, वाडीला, ट्रकांच्या गोदामांमागे. दवाखाना धंतोलीत, शहराच्या मध्यात. आठवड्यातले पाच दिवस रेडिएशन, त्यातल्या एका दिवशी सलाईनमधून किमो. मुलगी लग्न होऊन बाहेरगावी. ज्या खरेदीदारासाठी त्याने मला सोडलं, तो सफरचंदांची पेटी घेऊन एकदा येऊन गेला होता.

मी म्हटलं, मी नेईन. दया आली म्हणून नव्हे. वहिनींनी सांगितलं होतं की काही दिवसांनी घसा सोलल्यासारखा होईल, यांचं बोलणं बंद होईल. मला त्याच्याकडून एक उत्तर यायचं होतं.

पहिल्या दिवशी तो गाडीत बसला आणि म्हणाला, "तू काहून आला?"

"गाडी माझी आहे म्हणून."

"ड्रायव्हर पाठवायचा होता."

"ड्रायव्हरले पगार द्यावा लागते."

तो हसला. हसताना गालाला हात लावत होता. अमरावती रोडवर ट्रकांच्या रांगेत अडकलो तेव्हा मी विषय काढला. "तोंड चालून राहिलं तोवर सांगून टाक. तिकडे काहून गेला होता?"

तो पुढच्या ट्रकच्या मागच्या फळीकडे पाहत राहिला. "रस्ता मोकळा झाला बे. चाल," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी विचारलं, तिसऱ्या दिवशीही विचारलं. तो खिडकी खाली करायचा, नाही तर वर करायचा.

दवाखान्यात बसायच्या जागेवर यवतमाळ, वर्धा, गोंदिया, कुठून कुठून आलेली माणसं मांडीवर फायली घेऊन बसलेली असत. टीव्ही चालू असे, आवाज बंद. मी रोज त्याच खुर्चीवर बसायचो आणि टीव्हीतल्या माणसांची हलणारी तोंडं पाहायचो. तिथे माझं डोकं बंद पडायचं. कोणी रडत असलं तरी मला ते दूरच्या गाळ्यावर चाललंय असं वाटे. आत त्याचा चेहरा जाळीच्या मुखवट्याने टेबलाशी घट्ट बसवत. बाहेर यायचा तेव्हा कपाळावर आणि गालांवर जाळीचे चौकोन उठलेले असत. वाडीला पोचेपर्यंत ते पुसले जात.

धीर द्यायला लोक येत. सगळे तेच बोलत. हिंमत ठेव, काही होत नाही, आमचा मामा यातूनच बरा झाला. एक जण गेल्यावर तो मला म्हणाला, "रोज एक नवा मामा बरा होऊन राहिला. नागपुरात इतके मामे होते हे माहीतच नव्हतं."

मला धीर देता येत नाही. मला भाव करता येतो. म्हणून बाजाराच्या रस्त्यावरच्या मारुतीसमोर जाऊन, पुजाऱ्यादेखत, मी तेच केलं. याला बरा कर, अकरा नारळांचं तोरण बांधतो. गाडीत मी हे बोलून गेलो.

तो बौद्ध घरातला. त्याला राग आला. "माझ्या नावानं तुझ्या मारुतीले काही कबूल करू नको. माझा त्याचा काही संबंध नाही."

"माझ्या नावानं केलं. सौदा माझा आहे."

त्याने खिडकी खाली केली. मग म्हणाला, "किती बोलला?"

"अकरा नारळ."

"अकरा? येडा झाला का बे? पाचात मानला असता तो. तुले अजून भाव करता येत नाही."

संध्याकाळी त्यांच्या घरी बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून वहिनी वंदना म्हणत. तो शेजारी भिंतीला टेकून बसे. सुरुवातीला त्यांच्या मागून म्हणायचा, नंतर नुसते ओठ हलवायचा. मीही बसू लागलो, कारण उठून जाणं बरं दिसत नव्हतं. शब्द पालीतले, मला कळत नसत. एकदा मी विचारलं, "वहिनी, यात मागणं कुठं येते?"

"मागणं नसते भाऊजी यात."

"मग याच्यासाठी काय म्हणता?"

"शेवटी येते ना, साऱ्यांचं भलं होवो म्हणून."

"साऱ्यांचं? मग त्याच्या वाट्याले किती आलं?"

वहिनी हसल्या, पहिल्यांदाच. मी घरी जाताना गाडीत तेच घोळवत होतो. काही न मागता रोज जाऊन बसायचं, हे मला धंद्यात कुठे बसवता येईना.

पुढे त्याचा आवाज घोगरा झाला आणि एके दिवशी बंदच झाला. तोंडात फोड आले. पाणी गिळताना डोळ्यांतून पाणी यायचं. नाकातून नळी घातली. लाळ पुसायला तो एक मोठा रुमाल मांडीवर ठेवायचा. माझं उत्तर राहिलंच. मी विचारणं सोडलं. राग गेला म्हणून नाही. ज्याला बोलता येत नाही त्याला विचारण्यात काही अर्थ नव्हता, म्हणून.

एका सकाळी धंतोलीत दवाखान्यासमोर गाडी लावली आणि तो उतरेना. मी दार उघडलं. त्याने मान हलवली, नाही. मी म्हटलं, नंबर जाईल. नाही. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की मध्ये सोडलं तर आतापर्यंत सोसलेलं वाया जाईल आणि आजार उलटेल. ते त्याला माझ्याइतकंच माहीत होतं. मी पुन्हा सांगितलं, समजावून सांगितलं, मामा सोडून सगळं सांगितलं. तो डोळे मिटून बसला.

मी परत आत येऊन बसलो. काही सुचेना तेव्हा त्याच्या मांडीवरच्या रुमालाखाली हात घातला. त्याचा हात तिथेच होता, हाडं लागत होती. राहिलेल्या दिवसांसाठी मी त्याचा पंजा धरला, सोडला, पुन्हा धरला. दहा.

त्याने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. आणि हात काढून घेतला.

माझं डोकं सटकलं. "काढ! काढून घे हात! तुले तेवढंच जमते. तेव्हाही असाच गेला, एक शब्द न बोलता. मी काय मेलो होतो? जा, जिथी जायचं तिथी जा, मी नाही येत मागं!" मी स्टिअरिंगवर हात आपटत होतो. चौकीदार काचेशी आला, "साहेब, गाडी पुढं घ्या, ॲम्ब्युलन्स येऊन राहिली." त्यालाही मी ओरडलो. मग गाडी पुढे घेतली, कारण ॲम्ब्युलन्स खरंच येत होती.

झाडाखाली गाडी थांबवली. दोघंही समोर पाहत होतो. माझा राग ओसरला आणि त्याच्या जागी काही आलं नाही.

बऱ्याच वेळाने रुमाल माझ्या बाजूला सरकला. मी हात घातला. त्याने माझं एक बोट धरलं.

"एक?"

त्याने मान डोलावली.

"आजचं फक्त?"

पुन्हा मान डोलावली. बोट धरण्यात जोर नव्हता आणि हात ओलाही नव्हता. मी आयुष्यभर हात ओळखत आलो. या हाताला काही मिळवायचं नव्हतं, तो मला तेवढं देत होता.

"पक्कं," मी म्हटलं.

मग रोज तसंच. गाडी लावायची, रुमालाखाली हात, एक बोट, आणि तो उतरायचा. उद्याचं बोलायचं नाही. एका सोमवारी मी हावरटपणा केला, दोन बोटं धरली. त्याने लगेच हात काढून घेतला. मी गपगार एकावर आलो. आता वहिनीही सोबत यायच्या, मागच्या सीटवर बसून डोळे मिटून ओठ हलवत असायच्या. आमचं काय चाललंय हे त्यांनी कधी विचारलं नाही.

शेवटच्या दिवशी रेडिएशन घेऊन तो बाहेर आला, गाडीत बसला आणि सवयीने रुमाल सरकवला. मी म्हटलं, "आता नाही राहिलं. संपलं." त्याने तरी बोट धरलं आणि वाडीपर्यंत सोडलं नाही. मी एका हाताने गाडी चालवली.

तीन महिन्यांनी स्कॅन झाला. डॉक्टर म्हणाले, सध्या काही दिसत नाही, पण लक्ष ठेवावं लागेल, पुन्हा तीन महिन्यांनी या. वहिनी तिथेच खुर्चीत रडल्या. मला वाटलं, आता मला काहीतरी वाटेल. मी वाट पाहिली. टीव्हीवर कोणीतरी बिनआवाजाचं हसत होतं. मी पार्किंगची पावती शोधायला लागलो.

त्याचा आवाज तोवर परत आला होता, पण दुसऱ्याचाच असल्यासारखा, पातळ, खरखरीत. मध्ये मध्ये बाटलीतून पाण्याचा घोट घ्यावा लागायचा. अमरावती रोडवर ट्रकांच्या मागे अडकलो तेव्हा मी विचारलं, "आता सांग. तिकडे काहून गेला होता?"

त्याने पाण्याचा घोट घेतला, सावकाश गिळला. "मले आठवत नाही गा."

"आठवत नाही?"

"खरंच नाही आठवत."

जुन्या आवाजात हे बोलला असता तर खरं की खोटं मी तिथल्या तिथे सांगितलं असतं. या आवाजातलं मला काही कळलं नाही. इतकी वर्षं मी ज्या गोष्टीने जळत होतो, ती त्याला आठवत नाही, किंवा आठवते आणि तो सांगणार नाही. दोन्हींचा मला सारखाच राग आहे आणि तो मी काही सोडलेला नाही.

थोडं पुढे गेल्यावर मी म्हटलं, "मारुतीचं काय करू? मी 'बरा कर' म्हटलं होतं. डॉक्टर 'सध्या' म्हणून राहिले."

तो विचार करत होता. धंद्याचा प्रश्न आला की तो असाच मान तिरकी करायचा. "अर्धं बांध," तो म्हणाला.

"अकराचे अर्धे साडेपाच होतात."

"पाच. तेव्हाच सांगितलं होतं तुले."

शनिवारी मी पाच नारळांचं तोरण बांधलं. पुजारी म्हणाला, "अकरा बोलले होते ना शेठ?" मी म्हटलं, बाकीचं बोलणं चालू आहे. पुढच्या तपासणीलाही गाडी मीच काढणार आहे. उरलेले सहा अजून माझ्याकडे आहेत.