पोपटाचं वेळापत्रक

बस डेपोतले टाइमकीपर निवृत्त झाले आणि तिसऱ्याच आठवड्यात घरातल्या पोपटाने स्वतःची पिसं कुरतडायला घेतली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं टाइमकीपरांच्या स्वप्नातही आलं नाही. छत्तीस वर्षं त्यांच्या सहीशिवाय एकही गाडी फाटकाबाहेर पडली नव्हती. तेव्हा घरात काही बिघडलंच, तर ते कुणीतरी वेळ पाळत नाही म्हणून, हे त्यांच्या लेखी उघड होतं.

पोपट तसा बायकोचा. अकरा वर्षांपूर्वी गॅलरीत जखमी होऊन पडलेला, तिने हाताने भरवून जगवला होता. त्याला एकच वाक्य यायचं. संध्याकाळी दाराला किल्ली लागली की बायको विचारायची, ‘आलात का?’ पुढे पुढे तो तिच्या आधीच विचारायला लागला. हल्ली मात्र चकार शब्द नाही, आणि छाती तर पार उघडी पडलेली.

टाइमकीपर हात धुवून त्याच्या मागे लागले. पिंजऱ्यावर वेळापत्रक चिकटलं. सातला पेरू, सव्वासातला आंघोळ, साडेसातला दहा मिनिटं ‘मनोरंजन’. प्रत्येक कार्यक्रमाआधी शिट्टी. गळालेल्या पिसांची वहीत वेळेसकट नोंद. पोपट आंघोळीला चार मिनिटं उशिरा उतरला तर तेही लाल शाईत. बायको मूग गिळून गप्प होती, कारण तिचं वेळापत्रक त्याआधीच फ्रिजवर लागलं होतं.

शेवटी पोपटाच्या छातीवर रक्त दिसलं, तेव्हा दोघं त्याला घेऊन पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी तपासलं. आजार कुठलाच नाही, हा मनाचा ताण आहे, म्हणाल्या. पण असंच चाललं तर जखम चिघळेल आणि पक्षी हाती लागणार नाही. घरात अलीकडे काय बदललंय, असं त्यांनी विचारलं.

टाइमकीपरांनी वही उघडली. पडदे धुतले, कुकर नवा घेतला, शेजाऱ्यांनी खिडकी बदलली. सगळं तारीखवार वाचून दाखवलं.

बायकोने पिंजऱ्याकडे बघत म्हटलं, "हे दिवसभर घरी असतात. तेवढंच बदललंय."

टाइमकीपरांना ते फार लागलं. घरी पोचेपर्यंत त्यांनी एकदाही घड्याळ पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ते इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन दारात उभे. कुठे निघालात, असं बायकोने विचारल्यावर म्हणाले, "ड्यूटीवर." ड्यूटी म्हणजे वाचनालय, बागेतला बाक आणि डेपोसमोरचा चहा. तिथे बसून उशिरा सुटणाऱ्या गाड्या नुसत्या बघायच्या आणि कुणालाही काही बोलायचं नाही. हे काम पूर्वीच्या नोकरीपेक्षा जड होतं. पण पोपटासाठी त्यांनी रोज दातओठ खात ते केलं.

मलम चालू होतंच. पिंजऱ्यावरचा कागद निघाला. काही दिवसांनी फ्रिजवरचाही निघाला, तो कुणी काढला हे टाइमकीपरांनी विचारलं नाही. पोपटाच्या छातीवर बारीक हिरवे कोंब दिसायला लागले.

सहाव्या आठवड्यात एका संध्याकाळी त्यांनी दाराला किल्ली लावली, आणि आतून घोगरा, बऱ्याच दिवसांत न वापरलेला आवाज आला.

"आलात का?"

टाइमकीपर उंबऱ्यावरच थबकले. निवृत्त झाल्यापासून हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. विचारणार तरी कसं, आधी ते कुठे गेलेच नव्हते, आणि ड्यूटी सुरू झाल्यावर विचारणारा पोपटच गप्प होता. त्यांचे डोळे भरून आले. आत बायको पोळपाट सोडून स्वयंपाकघराच्या दारात आली होती आणि पदराने तोंड झाकून हसत होती.

"आलो," ते कसंबसं म्हणाले.

मग त्यांनी दार हळूच ओढून घेतलं, बाहेरून कुलूप लावलं आणि पुन्हा एकदा किल्ली फिरवली.