दगडांना अहो-जाहो

जुन्या इमारती सावरणारे ते वास्तुविशारद अंबाजोगाईहून फटफटीवर येत. आमच्या गावची पायऱ्यांची विहीर, म्हणजे बारव, त्यांनी दोन वर्षे खपून दुरुस्त केली होती. निखळलेला दगड जागी बसवला की ते तो बोटाच्या पेराने वाजवत, कान लावत आणि विचारत, "काय म्हणता, बसलात का नीट?" दगडांना अहो-जाहो आणि माणसांना 'बे', अशी त्यांची रीत. मला मात्र ते गुरुजी म्हणत.

दुष्काळात बारवेचे पाणी घटले. तेव्हा साखर कारखान्याच्या अध्यक्षांनी, गावावर उपकार म्हणून, तिला आतून सिमेंटचा गिलावा करून दिला. अक्षर चांगले म्हणून आभाराचा ठराव मी लिहिला. दगडांच्या सांध्यांतून पाझरणारे झरे गिलाव्याने बुजले आणि आठवड्यात बारव कोरडी पडली.

वास्तुविशारद आले. अध्यक्षांच्या फोटोच्या फलकाखालची भिंत वाजवून पाहिली.

"लई चकचकीत केली बे! आन् पाणी कुठून यावं? अध्यक्षाच्या फोटोतून?"

"सायेब, हात लावू नका," अध्यक्षांचा माणूस म्हणाला. "उद्या उद्घाटन हाय."

त्यांनी छिन्नी उचलली. दुपारभर ते गिलावा फोडत राहिले. "निदान परवानगी तरी…" मी पुटपुटलो.

"ठराव तूच लिवला ना बे? तुजं अक्षर काय लोकं पिणार हाईत?"

अखेर एका सांध्यात ओल दिसली. त्यांनी तिथे तळहात टेकला आणि दगडाला म्हणाले, "माफ करा." मग सिमेंटने माखलेला तो ओला हात त्यांनी माझ्या पांढऱ्या सदऱ्याला पुसला.