वाट मोकळी करणाऱ्याच्या कैऱ्या

मध्यभारत राज्य नवं होतं आणि माझा धंदाही. आमच्या घरात सगळे कारकून नाहीतर मास्तर. उभ्या झाडावरचा माल विकत घेणारा मी पहिला. मानपूरच्या खाली, घाटाच्या उतारावर एक आमराई होती. तिचे मालक जुनी इंदूर भागात राहणारे, दरबारच्या नोकरीतून निवृत्त झालेले एक मराठी गृहस्थ. त्यांच्या ओसरीवर मी दुपारभर घासाघीस केली. भाव पाडला, पोत्यांचा खर्च त्यांच्या माथी मारला. ते सरबत पाजत मान डोलवत राहिले. इतक्या गोड हसणाऱ्या माणसाशी मी पुन्हा कधी सौदा केला नाही.

लोणच्याच्या कैऱ्या उतरवायच्या ऐन वेळी वादळ झालं. सकाळच्या मोटारीनं मी मानपूर गाठलं, सडकेवर बैलगाड्या ठरवून थांबवल्या आणि गाडीवाटेनं एकटाच खाली निघालो.

ती वाट ओळखू येईना. पळसाची पानं उलटी पडून जमीन फिकट, रुपेरी झाली होती. साग आडवे झोपले होते. एक जांभूळ मुळासकट उपटलेलं, मुळं माझ्या डोक्याहून उंच, आणि त्यात अडकलेल्या मातीतून पाणी ठिबकत होतं. एरवी झाडांनी झाकलेलं आभाळ उघडं पडल्यामुळे सगळीकडे पाण्याच्या तळाशी असतो तसा उजेड होता. मुरूम पायाखालून हळूच निघून जायचा आणि मला ते आवडत होतं, हे आठवून आजही नवल वाटतं. चिंतेनं निघालेला माणूस मी. पण झोपेत चालावं तसा चाललो होतो.

मग कैऱ्या दिसल्या. वाट उताराच्या खोलगट भागातून जायची. वरच्या आमराईतल्या पडलेल्या कैऱ्या घरंगळत येऊन तिथे साचल्या होत्या. पडलेल्या खोडांच्या मागे हिरव्यागार राशी, चिकाचा तिखट वास. माझा अर्धा माल तिथे होता. उरलेला अर्धा अजून झाडांवर होता, आणि वाट मोकळी झाल्याशिवाय एकही गाडी तिथवर पोचणार नव्हती.

जवळच्या पाड्यावरची माणसं कुऱ्हाडी घेऊन खोडांवर बसली होती. त्यांच्यातली मोठी, एक म्हातारी, बिडी ओढत होती. तिनं मला रिवाज सांगितला: वादळानंतर जो वाट मोकळी करील, वाटेवर पडलेलं त्याचं.

मी भडकलो. अख्ख्या बागेचा सौदा माझा आहे, म्हणालो.

"बाग का सौदा है, भिया. रस्ता का नी," ती म्हणाली.

मालकांनी मला हे सांगितलं नव्हतं, असं मी ओरडलो. तेव्हा ती सगळ्यांकडे पाहून हसली. मालक लहानपणी सुट्टीत इथे यायचे, ती म्हणाली, आणि कोयता घेऊन याच वाटेवर झुडपं तोडायचे, स्वतःच्याच बागेतल्या कैऱ्या धोतराच्या सोग्यात भरून न्यायचे. म्हणजे त्या माणसाला सगळं ठाऊक होतं.

तो राग कुठे काढावा कळेना. मी कोट काढला आणि कुऱ्हाड मागितली. त्यांनी ती दिली, एक साग दाखवला आणि बाकीच्या खोडांना भिडले. माझे हात नुसते भाव ठरवायला सरावलेले. ऊन चढलं तरी खोड जेमतेम निम्मं तुटलं होतं. मी म्हातारीला म्हटलं, "अर्धं कापलं, अर्ध्या कैऱ्या माझ्या."

"आधा पेड़ से गाड़ी निकलेगी क्या, सेठ?"

सगळे हसले. मलाही हसू आलं, पण मी ते गिळलं आणि पुन्हा घाव घातला. वारा पडला होता. जंगलभर कुऱ्हाडींचे आवाज एकमेकांत मिसळून दुरून येत असल्यासारखे वाटत होते.

उन्हं कलता कलता खोड बाजूला झालं. त्यामागच्या राशीला कुणी हात लावला नाही. बाकी सगळ्या राशी टोपल्यांतून पाड्याकडे गेल्या. गाड्या खाली उतरल्या. दुसऱ्या दिवशी झाडांवरचा माल उतरवून, तो आणि माझी ती एक रास घेऊन मी वर निघालो. मोकळ्या वाटेवर चाकं जराही अडली नाहीत. वाट त्यांनी चोख केली होती, तक्रारीला जागा नव्हती.

त्या गृहस्थांकडे मात्र मी पुन्हा गेलो नाही. सरबताचं निमंत्रण दोनदा आलं होतं.