गुऱ्हाळावरची काळी बाटली

सर्व संबंधितांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, कोल्हापूर जिल्ह्यात इम्पीरियल स्टाऊट या परदेशी, कडक बिअरचे पहिले आगमन भर दुपारी, पंचगंगेकाठच्या एका गुऱ्हाळावर, चिपाडाच्या ढिगाशेजारी झाले. जिल्ह्याच्या इतिहासात ही नोंद सापडणार नाही. साक्षीदार तीनच होते, आणि त्यातले दोघे एकमेकांकडे पाठ करून बसले होते.

तिसरा मी. घरचा जावई.

दोन हजार साल नुकतंच मागं पडलं होतं. माझा धाकटा मेहुणा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका फौंड्रीत लागला होता. त्याचे वडील, म्हणजे माझे सासरे, नावाजलेले गुळवे. उकळत्या रसाची काहील चुलवाणावरून नेमकी कधी उतरवायची, हे गुळव्या सांगतो. जरा उशीर झाला की गूळ करपला, जरा घाई झाली की ढेप बसत नाही. हे नाक आणि हे डोळे पोराकडे जातील, असं सासऱ्यांनी धरून ठेवलं होतं. पोरानं मशीन धरलं आणि त्या दिवसापासून बापलेकांचं बोलणं बंद. दोन वर्षं एका घरात राहून दोघं एकमेकांना निरोप धाडत होते. मी गेलो की टपालखातं माझ्याकडं.

मग कंपनीनं मेहुण्याला तीन आठवडे अमेरिकेला पाठवलं. येताना त्यानं लोकरीच्या मोज्यात गुंडाळून ही बाटली आणली.

"दाजी, व्हिस्कीच्या जुन्या लाकडी पिंपात वरीसभर मुरवल्याली बिअर हाय. तिकडं पयला घोट घेतला आन् डोळ्यांम्होरं आबांचं चुलवाण आलं. आबांनी एकदा चाखाय पायजे."

"मग दे की नेऊन."

"माझ्या हातनं घेत्यात व्हय ते?"

बोलताना तो बाटलीवरचा मोजा पुन्हा पुन्हा नीट करत होता. एवढ्या लांबून त्यानं जे ओझं वागवलं होतं, ते बापाच्या तोंडून एक शब्द निघावा म्हणून, हे मला तेव्हा कळलं.

आता मोठी अडचण. आमच्याकडं बापासमोर लेक पीत नाही. पीत असला तरी पीत नाही. यावर तोडगा एकच, पाठ करून बसायचं. पाठ केली की दुसरा तिथं नाहीच, असं दोघांनी धरून चालायचं. गुऱ्हाळावरची माणसं जेवायला बांधाकडं गेली, तेव्हा सासरे चुलवाणाकडं तोंड करून बसले, मेहुणा उसाच्या फडाकडं, आणि मधे मी, तीन स्टीलचे पेले घेऊन, लग्नातल्या भटजीसारखा.

"काय म्हनायचं ह्येला, जावईबापू?"

"बिअर, मामा. अमेरिकेची."

"बिअर काळी आस्तीया? उतरवाय इसरलं वाटतं कोनतरी."

इथं माझा गुन्हा कबूल करतो. बिअरमधला जाणकार म्हणून मी ती बाटली सकाळपासून बर्फात पुरून ठेवली होती. पहिला घोट लागला तो नुसता गार, कडू आणि मुका. सासऱ्यांनी तोंड वाकडं केलं.

"ह्यापरास आमच्या काहिलीचं धुवन बरं की!"

मागं मेहुण्याचे खांदे खाली आले. पाठीलाही चेहरा असतो, हे त्या दुपारी मी पाहिलं.

सासऱ्यांच्या दाताला गार सोसत नसे. त्यांनी पेला चुलवाणाच्या कडेवर ठेवला आणि काहिलीकडं बघत बसले. रसाची वाफ छपराला लागून पसरत होती, तिच्यात ऊन शिरून सगळं दुधाळ झालं होतं. नदीकडून कोणाचीतरी हाक आली आणि वाटेतच विरली. मला वाटलं, आम्ही तिघं असेच गेली कित्येक वर्षं बसलोय, आणि अजून कित्येक बसणार आहोत.

मग वास आला. आधी वाटलं, काहिलीचाच. पण तो सासऱ्यांच्या पेल्यातून येत होता. काकवी, भाजलेली कॉफी, काळ्या मनुका, आणि त्यामागं ओल्या लाकडाचा, धुराचा एक हलका पदर. ऊब लागली तशी ती मुकी बिअर बोलायला लागली होती. माझा पेलाही एव्हाना कोमट झाला होता; मी घोट घेतला. जिभेवरून ती पाकासारखी संथ उतरली आणि छातीत जाऊन दिवा लावल्यासारखी थांबली.

सासऱ्यांनी पेल्यात बोट बुडवलं. अंगठ्याला घासून, पाकाची तार बघतात तसं उजेडात धरलं. हुंगलं. मग एक घोट. डोळे मिटले. दुसरा घोट.

"जावईबापू, इचारा त्येला. लाकूड कंचं?"

"दाजी, सांगा. ओक म्हंत्यात. पिंप आतनं जाळून काळं करत्यात."

"जाळून? मुद्दाम?"

"मुद्दाम, म्हणावं."

सासरे गालात हसले. हे फक्त मला दिसलं.

"आन् झालंय कवा, त्ये कोन सांगतंय? घड्याळ लावत्यात?"

मेहुण्यानं पेला हातात फिरवला. मग फडाकडं बघतच म्हणाला, "न्हाय. एक म्हातारा हाय तिथं. कंचं पिंप झालं, कंचं ऱ्हायलं, त्यो वास घेऊन सांगतो. आख्खी कंपनी त्येच्या तोंडाकडं बघत हुबी ऱ्हाती. मी बी हुबा ऱ्हायलो."

निरोप पोचवायला मी तोंड उघडलं, आणि मिटलं. तो पोचला होता. काहिलीत एक बुडबुडा फुटला, मग दुसरा. मेहुण्यानं वाकून, हाताचा आडोसा करून घोट घ्यायचा प्रयत्न केला, त्याला ठसका लागला, निम्मा पेला शर्टावर सांडला. तेवढ्यात सासरे बसल्या जागी गर्रकन फिरले आणि त्या पाठीला, दोन वर्षांनी, माझ्या डोक्यावरून ओरडले,

"आरं, चोरावाणी तिकडं तोंड करून काय पितोस? फिर की हिकडं, आन् त्या म्हाताऱ्याचं सांग नीट!"